अमेरिकेतली ‘पुस्तकबंदी’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या पुस्तकबंदीच्या बातम्या गेली काही वर्षं सतत कानावर येत आहेत. त्या ऐकून कुणाला वाटतं, तिथे आता पुस्तकं मिळेनाशीच झाली. कुणाला वाटतं, हा सगळा निवडणुकीपुरता गोंगाट. राज्यांनी केलेले नवे कायदे वाचले, की दोन्ही समज गळून पडतात.

गैरसमज : साऱ्या देशात एकच कायदा आहे.

वस्तुस्थिती : सार्वजनिक ग्रंथालयांचा कारभार राज्यं आणि स्थानिक संस्था पाहतात, त्यामुळे कायदेही परस्परविरोधी आहेत. इलिनॉयने जून 2023 मध्ये कायदा केला, तो 1 जानेवारी 2024 पासून लागू झाला. विचारसरणी पटत नाही म्हणून पुस्तक हटवणार नाही, असं लेखी धोरण स्वीकारणाऱ्या ग्रंथालयालाच तिथे राज्याचं अनुदान मिळतं. फाटकी, कालबाह्य पुस्तकं काढायला मात्र आडकाठी नाही. न्यू जर्सीने डिसेंबर 2024 मध्ये ग्रंथपालांना खटल्यांपासून संरक्षण दिलं. आयडाहोने नेमकी उलटी वाट धरली.

गैरसमज : बंदी आली, की ते पुस्तक बाळगणं गुन्हा ठरतो.

वस्तुस्थिती : ते पुस्तक दुकानात मिळतं, घरी ठेवता येतं. प्रश्न येतो तो ग्रंथालयाच्या कपाटाचा. आयडाहोचा कायदा 1 जुलै 2024 ला लागू झाला. एखादं पुस्तक अल्पवयीनांना अपायकारक असल्याची लेखी तक्रार आली, तर ग्रंथालयाने ते 60 दिवसांत प्रौढांच्या विभागात हलवायचं. नाही हलवलं, तर मूल किंवा पालक दावा लावू शकतात. दावा सिद्ध झाला, तर 250 डॉलर आणि वर प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई. आदल्या वर्षीच्या विधेयकात हाच आकडा 2,500 डॉलर होता. गव्हर्नर ब्रॅड लिटल यांनी ते विधेयक नाकारलं होतं.

गैरसमज : पुस्तक या कपाटातून त्या कपाटात ठेवायचं, एवढंच तर आहे.

वस्तुस्थिती : त्यासाठी दुसरी खोली तरी हवी! आयडाहोतल्या डॉनेली गावाचं ग्रंथालय जेमतेम 1,024 चौरस फुटांचं, म्हणजे आपल्याकडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटएवढं. प्रौढांचा वेगळा विभाग काढणार कुठे? शेवटी अख्खं ग्रंथालयच प्रौढांसाठी राखीव करावं लागलं. पालक सोबत असतील किंवा त्यांनी संमतीपत्रावर सही केलेली असेल, तरच मुलांना आत प्रवेश. शाळा सुटल्यावर सहज डोकावणारं मूल दारातच अडलं. दाव्याची रक्कम लहान दिसते, पण वकिलाचा खर्च छोट्या ग्रंथालयाला पेलत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये मोठे प्रकाशक या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले, तेव्हा डॉनेलीचं ग्रंथालयही त्यांच्या बरोबर उभं राहिलं.

गैरसमज : ग्रंथपालांना तुरुंगात टाकलं जातंय.

वस्तुस्थिती : आर्कान्साच्या 2023 च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद होती, हे खरं. पण कायदा लागू होण्याच्या तोंडावर फेडरल न्यायाधीश टिमोथी ब्रुक्स यांनी तिला स्थगिती दिली आणि डिसेंबर 2024 मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. राज्य सरकारने त्यावर अपील केलं.

गैरसमज : कोर्टात वाचकच जिंकतो.

वस्तुस्थिती : टेक्ससमधल्या लानो काउंटीचं प्रकरण याच्या उलट गेलं. तिथे राज्याचा कायदा आड आला नव्हता. स्थानिक अधिकाऱ्यांनीच 17 पुस्तकं ग्रंथालयातून काढली होती. त्यांत मॉरिस सेंडाक यांचं एक बालपुस्तक होतं आणि इसाबेल विल्करसन यांचं ‘कास्ट’ही. अमेरिकेतला वंशभेद आणि भारतातली जातिव्यवस्था शेजारी ठेवून पाहणारं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबद्दल सांगणारं हे पुस्तक. वाचक कोर्टात गेले. मे 2025 मध्ये पाचव्या सर्किट अपील न्यायालयाने 10 विरुद्ध 7 मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. सार्वजनिक ग्रंथालयाने पुस्तक काढलं, तर माहिती मिळवण्याच्या हक्काच्या आधारे त्याला आव्हान देण्याची वाट पाचव्या सर्किटच्या अखत्यारीतल्या टेक्सस, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांत आता बंद आहे.

गैरसमज : सामान्य वाचकाच्या हाती काहीच नाही.

वस्तुस्थिती : ग्रंथालयांच्या विश्वस्त मंडळांच्या बैठका लोकांसाठी खुल्या असतात. आयडाहोच्या ग्रंथालय जिल्ह्यांत तर विश्वस्त मतदानाने निवडले जातात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही आपल्या ग्रंथालयाचं धोरण मागून वाचावं, बैठकीची तारीख विचारावी आणि जाऊन आपलं म्हणणं नोंदवावं.