रंगाखालचा आंबा

आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात शेळ्या-मेंढ्यांच्या गर्दीतून वाट काढताना एका टेम्पोत रचलेल्या लहान मुलांच्या खुर्च्या दिसल्या. राणी, मोरपंखी, हळदी. एवढ्या भडक रंगाखालूनही लाकडाच्या रेषा साफ दिसत होत्या, त्याचंच नवल वाटलं. टेम्पोवाल्याकडून पत्ता घेऊन त्या बनवणाऱ्या मिस्त्रींची शेड गाठली.

"कपड्याचा रंग हाय, ताई. एका पुडीत चार खुर्च्या," मिस्त्री म्हणाले.

विटलेल्या साडीला रंग चढवायला बायका दुकानातून आणतात, तीच ही कागदी पुडी. लाकूड आंब्याचं, वखारीतून आणलेलं; फिकट असतं, रंग चांगला पितं आणि सागापेक्षा पुष्कळ स्वस्त. काचपेपर मारायचा, ओलं फडकं फिरवायचं, लव उठली की पुन्हा काचपेपर. पुडी उकळत्या पाण्यात विरघळवायची. कापड रंगवताना पाण्यात मीठ टाकतात. इथं नाही, कारण सुकल्यावर लाकडावर पांढरा खार येतो.

खरी गंमत पुढं. मिस्त्रींचा भाचा रंगात बुडवलेला बोळा पाठीच्या पट्टीवरून ओढत होता. लाकूड बघता बघता गुलाबी होत गेलं. आडव्या कापलेल्या टोकांनी तर इतका रंग ओढला, की ती जांभळट दिसायला लागली. आणि पायाच्या सांध्यापाशी टिकलीएवढा डाग मात्र पांढराच राहिला. मिस्त्रींनी त्यावर अंगठा ठेवला.

"फेविकॉल पुसला न्हाईस."

सांध्यातून बाहेर आलेला गोंद लाकडावर सुकला, की छिद्रं बुजतात आणि रंगाचं पाणी आत शिरत नाही. वरून कितीही बोळे फिरवा. पोरानं मुकाट्यानं पटाशी घेतली आणि डाग खरवडायला लागला. मला हे काम आवडलं ते इथं. लुकण भरून ऑइलपेंटचे दोन हात मारले की वाकडा सांधाही साळसूद दिसतो. पुडीचा रंग सुताराचं काहीच झाकत नाही.

कोपऱ्यात बाभळीचं एक स्टूल होतं, खिळ्यांभोवती काळी वर्तुळं उमटलेलं. बाभळीच्या सालीनं कातडं कमावतात. तोच तुरट अंश लाकडातही असतो, आणि ओलं लोखंड लागलं की तो काळा पडतो. ओल्या रंगाच्या कामात बाभूळ घ्यायची तर खिळा नको, असं मिस्त्रींचं मत.

लाकूड दिसू देणारा रंग आपल्या जिल्ह्याला नवा नाही. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे घ्या. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांच्यावरही लाखेचं पॉलिश असतं, पेंटचा थर नव्हे. पण तंबोरा कुणी चघळत नाही. बालवाडीतली पोरं खुर्चीची पाठ चावतात. पुडीवर रंगाचा नंबर होता, रंगात काय आहे ते कुठंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा मिस्त्रींनी रंगावर मारायच्या सीलरचा डबा दाखवला. सीलरचा पहिला हात फवाऱ्यानंच मारावा लागतो. फडक्यानं मारला तर रंग फडक्यावर येतो. सीलर टिकेल तोवर ठीक. माझी शंका मात्र फिटली नाही.

एका पुडीत चार खुर्च्या, हे गिऱ्हाइकांनाही ठाऊक झालंय. मी असतानाच एकजण तोच हिशेब घालून भाव पाडायला लागला. दिवसभर घासलेला काचपेपर त्याच्या हिशेबात नव्हता. मिस्त्री दहा रुपयांवरही हलले नाहीत. मग त्यानं अंगणात ठेवायला हिरवा चौरंग मागितला.

"अंगणात? मग ऑइलपेंट घ्या," मिस्त्री म्हणाले. "ह्यो रंग आपल्या उन्हात एक उन्हाळा बी काढायचा न्हाय. उद्या माझ्याच नावानं बोंब माराल."

गिऱ्हाईक म्हणालं, पण रेषा दिसल्या पाहिजेत. मिस्त्रींनी चौरंगाचं काम घेतलंच नाही.