गुडघे टेकले ते याच मातीवर

१९०५ साल म्हटलं की वंगभंग आठवतो, स्वदेशी आठवते, पुण्यात पेटलेली विलायती कपड्यांची होळी आठवते. त्याच वर्षी पुण्याहून दौंडकडे जाताना लागणाऱ्या केडगावात शेकडो मुली रोज दोनदा एकत्र जमून प्रार्थना करत होत्या, हे मात्र शाळेच्या पुस्तकात कुणाला वाचायला मिळालं नाही. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती तरुणाईचा आढावा घ्यायचा तर तो या मुलींपासून सुरू करायला हवा.

मुली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या. १८९६-९७चा आणि त्यामागून आलेला १९००चा दुष्काळ यांनी कुणाचं घर नेलं, कुणाचे आईबाप नेले. कुणी बालविधवा, कुणाला नवऱ्याने टाकलेलं. मध्य प्रांतातून, गुजरातेतून रमाबाईंनी त्यांना गोळा करून आणलं. जानेवारी १९०५मध्ये रमाबाईंनी विचारलं, रोज खास प्रार्थनेला कोण बसेल? पहिल्यांदा सुमारे ७० जणी आल्या, जूनपर्यंत ५५०. त्याच सुमारास वेल्समधल्या खाणकामगारांत इव्हान रॉबर्ट्स या २६ वर्षांच्या तरुणामुळे धार्मिक उज्जीवनाची लाट उठली होती. तिची बातमी वेल्श मिशनऱ्यांमार्फत खासी टेकड्यांत पोचली, तशी केडगावातही पोचली. जूनच्या अखेरीस केडगावच्या प्रार्थनेला अचानक भरती आली. मुली मोठ्याने रडत होत्या, एकाच वेळी शेकडो आवाज उठत होते.

त्या वेळच्या परदेशी मिशनरी पत्रांनी या रडण्याचं, या आवाजांचं पुष्कळ वर्णन केलं. मला त्याहून मोलाची वाटते ती त्याआधीची एक गोष्ट. शिक्षण बाजूला ठेवून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला कोण जाईल, असं रमाबाईंनी विचारलं तेव्हा ३० तरुणी पुढे आल्या होत्या. ज्या काळात घराण्यातल्या बाईने एकटीने उंबरा ओलांडणं मुश्कील, त्या काळात या मुली गटागटाने गावोगाव जायला तयार झाल्या. प्रार्थना ही त्यांच्यासाठी बाहेर पडण्याची तयारी होती.

आणि काम तर घरातही होतंच. केडगावात माग होते, तेलघाणा होता, गोठा होता, छापखाना होता. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं नवं मराठी भाषांतर करत होत्या, खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत. त्याचे खिळे जुळवणं, छापणं, बांधणी ही कामं मुक्तीतल्या बायामुलींनी केली. खिळे उलटे जुळवायचे असतात. डोळा सरावेपर्यंत ओळ वाचता येत नाही. दुष्काळातून जगून आलेली एखादी मुलगी आधी अक्षरं सुलट शिकली आणि मग उलटी वाचायला शिकली, हे डोळ्यांसमोर आणून पाहावं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४मध्ये बाहेर आला.

ख्रिस्ती झालेल्या या रमाबाई १८८९मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून हजर होत्या. १८९७मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात बायकांचे काय हाल होतात ते त्यांनी वर्तमानपत्रात उघडपणे लिहिलं आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. धर्म बदलला म्हणजे देश सुटला असं मानणाऱ्यांनी एवढ्या दोन गोष्टी तरी लक्षात ठेवाव्यात.

१९०५ सालाचा शेवटही धर्म आणि देश यांना जोडणाराच झाला. २५ डिसेंबरला, बंगालमधल्या श्रीरामपूरला, मिशनरी विल्यम कॅरीच्या ग्रंथालयात काही हिंदी ख्रिस्ती जमले आणि त्यांनी नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन केली. माणसं हिंदी, पैसा हिंदी, कारभार हिंदी, असा तिचा बाणा. स्वदेशीची हवा चर्चमध्येही शिरली होती. पुढाकार घेणारे व्ही. एस. अझरिया ३१ वर्षांचे, के. टी. पॉल त्याहून लहान. अझरिया १९१०मध्ये एडिंबरोच्या जागतिक परिषदेत गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगून आले की तुमचा त्याग आम्ही जाणतो, पण आम्हाला बरोबरीची मैत्री हवी आहे.

मराठी मुलखात या भावनेला आवाज दिला तो रेव्हरंड ना. वा. टिळकांनी. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी तुकोबांना सोडलं नाही. चर्चमध्ये भजन आणलं, ख्रिस्ती कीर्तन आणलं. आजही मराठी मंडळ्यांत ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडलं की टिळकच टिळक भेटतात. १९१७मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांसाठी. दोनच वर्षांत ते गेले आणि त्या दरबाराचं पुढे व्हायला हवं होतं ते झालं नाही. मराठी ख्रिस्ती समाजाचं हे मोठं नुकसान आहे.

वसईचा प्रवाह वेगळा, कॅथलिक. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमधून मराठीत आली आणि तिथल्या तरुणांना आपल्या भाषेत प्रार्थना करता येऊ लागली. त्यानंतरच्या पिढीने काय केलं? ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या विहिरींचं गोडं पाणी टँकर भरभरून बाहेर जाऊ लागलं, केळीच्या बागा संकटात आल्या, जमिनींवर बिल्डरांची नजर पडली. तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो धमक्यांना न जुमानता पुढे होते आणि सोबतीला सगळ्या धर्मांची माणसं. हेच फादर पुढे उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पाण्यासाठी मोर्चा काढणं हाही उपासनेचाच भाग आहे, हे वसईने दाखवून दिलं.

आजचं चित्र संमिश्र आहे. युवक संघ आहेत, शिबिरं आहेत, गिटार-कीबोर्डसह रंगणाऱ्या उपासना आहेत. मुलांची तळमळ खरी आहे. पण प्रार्थनेचे विषय ऐकावेत तर परीक्षा, नोकरी, व्हिसा, लग्न. देशाचं नाव येतं ते शेवटी, आणि बरेचदा भीतीपोटी. ती भीती निराधार नाही. प्रार्थनासभेवर संशय घेतला जातो, प्रसंगी हल्ला होतो, आणि विशीतल्या मुलाला आपण इथलेच आहोत हे पटवून द्यावं लागतं. हे त्याच्यावर लादलेलं ओझं आहे आणि ते उतरवण्याची जबाबदारी त्याच्या हिंदू, मुस्लिम, बौद्ध शेजाऱ्यांचीही आहे.

तरी युवक संघांना माझं सांगणं आहे. पुढच्या प्रार्थनासभेत आपल्या वॉर्डातली बंद पडत चाललेली मराठी शाळा, गावची विहीर, बाजारपेठेत राबणारी लहान मुलं यांची नावं घेऊन प्रार्थना करा, आणि सोमवारी तिथे जाऊन उभे राहा. आणि वाचकहो, तुमचा धर्म कुठलाही असो, पुण्याहून दौंडकडे जाताना एकदा केडगावला उतरा. रमाबाईंची संस्था अजून चालू आहे.