लांब केसांवरील फिर्याद

ज्या मनुष्यास स्वतःच्या पोशाखाविषयी कसलीही तक्रार नाही, त्याच्याविरुद्ध त्याच्याच आप्तमित्रांनी फिर्याद गुदरावी, त्याच्या नकळत त्याचे चित्रीकरण व्हावे, आणि मग एके दिवशी दोन तज्ज्ञांनी अकस्मात प्रकट होऊन त्याच्या कपाटाची जप्ती फर्मावावी, असा विलक्षण न्यायव्यवहार अमेरिकेतील टीएलसी वाहिनीवर २००३ पासून २०१३ पर्यंत अव्याहत चालला होता. ‘व्हॉट नॉट टू वेअर’ हे त्या कार्यक्रमाचे नाव. मूळ कल्पना बीबीसीची, २००१ मधली. अमेरिकेत बहुतेक काळ स्टेसी लंडन आणि क्लिंटन केली हे त्याचे सूत्रधार होते. आपले सर्व कपडे त्यांच्या स्वाधीन करावयाचे, चहूबाजूंनी आरसे असलेल्या खोलीत उभे राहून आपल्या आवडीनिवडीची जबानी द्यावयाची, आणि त्या मोबदल्यात न्यूयॉर्कमधील खरेदीसाठी ५,००० डॉलर मिळवावयाचे, असा एकंदर करार असे.

कपड्यांपुरते पाहिले, तर या दोघांचा उपदेश बव्हंशी शहाणपणाचा होता, हे मान्य केले पाहिजे. खांद्याची शिवण खांद्यावरच यावी, तयार कपडा शिंप्याकडून अंगाबरहुकूम करून घ्यावा, आणि वजन उतरण्याची वाट न पाहता आज आहे त्या देहास शोभेल असे ल्यावे, ही शिकवण कुणालाही उपयोगी पडेल. फॉक्स वाहिनीवरील २००४ च्या ‘द स्वॉन’मध्ये तर देहावरच शस्त्रक्रिया होत असत, त्यापुढे ही शिवणटिपणीची भाषा सौम्यच म्हणावयाची.

त्याच करारात केसांचेही कलम असे, आणि ते प्रकरण मात्र निराळे आहे. डोक्यावरचा केस महिन्यास साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे पाऊण मीटर लांबीची वेणी ही पाच वर्षांची मिळकत होय, आणि ती मिनिटाभरात खर्ची पडल्यावर ५,००० डॉलरांनीही परत मिळत नाही. तरीही अशा कार्यक्रमांत लांब केस आणि स्वतःकडे झालेले दुर्लक्ष यांचे समीकरण सहज मांडले जाते. याचे कारण सौंदर्यशास्त्रात शोधण्यापेक्षा कॅमेऱ्याच्या गरजेत शोधावे. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांतील अंतर प्रेक्षकास एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे; टोके समान करून, तेल लावून, नीट विंचरून बांधलेली वेणी कितीही सुंदर दिसली तरी ती वेणीच राहते, आणि कात्रीने मात्र निर्विवाद फरक पडतो, शिवाय पडद्यावर अश्रूही मिळतात. टायरा बँक्स यांच्या ‘अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल’मध्ये तर केशकर्तनाच्या भागातील रडारड हा प्रेक्षकांच्या ठरलेल्या अपेक्षेचाच विषय होऊन बसला होता.

गंमत अशी, की इतरांच्या मस्तकांविषयी निवाडा देणाऱ्या स्टेसी लंडन यांच्या स्वतःच्या काळ्या केसांत एक रुपेरी बट होती, आणि ती कलपाखाली न दडविता त्यांनी आपली ओळख म्हणून मिरविली. स्वतःच्या केसांवरील हा हक्क त्यांना पुरता ठाऊक होता, असेच म्हणावे लागेल.

कुणी लांब केसांना स्वतःच कंटाळलेली असेल, तर तिने ते अवश्य कापावेत; त्यात आक्षेपार्ह काही नाही. परंतु आप्तांनी केलेली फिर्याद, पदरी पडलेला पैसा आणि समोर रोखलेला कॅमेरा, एवढ्या दडपणाखाली दिलेला होकार हा खऱ्या अर्थाने होकार नव्हे. म्हणून कपड्यांच्या करारनाम्यातून केसांचे कलम मुळातच वगळावयास हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.