स्मार्टफोनमधील तयार सोयी : भात उत्पादकांसाठी ओळख



वाशिंद, शहापूर, मुरबाड या पट्ट्यातील बहुतेक घरांत आता एखादा तरी स्मार्टफोन आहे. मात्र त्याचा उपयोग बोलणे, व्हिडिओ पाहणे आणि निरोप पाठविणे एवढ्यावरच थांबतो. फोन विकत घेताना त्यासोबतच आलेल्या अनेक सोयी न उघडताच राहतात. त्यांना वेगळा खर्च नाही आणि यांपैकी बऱ्याच सोयींना इंटरनेटही लागत नाही. डोंगरकुशीतील पाड्यांवर रेंज नसतानाही त्या चालतात. भातशेतीच्या दृष्टीने महत्त्वाच्या सोयींची ओळख या लेखात करून दिली आहे.

प्रथम फोन मराठीत करावा

सेटिंग्जमध्ये जाऊन 'सिस्टिम' व त्यातील 'भाषा' हा पर्याय उघडावा आणि मराठी निवडावी. फोनच्या कंपनीनुसार हा पर्याय थोडा मागेपुढे असतो. अक्षरे बारीक वाटत असल्यास 'डिस्प्ले' मधून ती मोठी करता येतात. टाईप करणे अवघड जात असेल तर कीबोर्डवरील माईकच्या चिन्हावर बोट ठेवून मराठीत बोलावे, फोन ते लिहून घेतो. यासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा एकदा जोडून घ्यावी.

कॅमेरा आणि लोकेशन : नुकसानीचा पुरावा

ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस 'क्यार' चक्रीवादळाच्या काळात झालेल्या पावसाने कोकणात कापणीला आलेल्या व कापून ठेवलेल्या भाताचे मोठे नुकसान झाले, हे आपणास आठवत असेल. अशा वेळी शेतकऱ्यापुढे पेच असतो. पंचनाम्याची वाट पाहावी तर पडलेल्या लोंब्यांना कोंब फुटतात, आणि भात उचलून घ्यावे तर नुकसान दाखवायला काही उरत नाही. अशा वेळी तारीख व ठिकाण यांची नोंद असलेले फोटो आपली बाजू मांडण्यास उपयोगी पडतात. फोटो म्हणजे पंचनामा नव्हे, परंतु फोटो नसण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

त्यासाठी पुढीलप्रमाणे तयारी करावी.

१) कॅमेरा उघडून त्याच्या सेटिंगमधील 'लोकेशन टॅग' सुरू करावा. फोनचे 'लोकेशन' ही सुरू असावे. फोनची तारीख व वेळ बरोबर असल्याची खात्री करावी.

२) फोन आपले ठिकाण उपग्रहांच्या संकेतांवरून ओळखतो. त्यामुळे रेंज नसली तरी ठिकाणाची नोंद होऊ शकते. मात्र आकाश मोकळे हवे. घरात, दाट झाडाखाली किंवा मांडवात नोंद उशिरा होते किंवा चुकते.

३) ठिकाणात काही मीटरचा फरक पडू शकतो. आपली खाचरे लहान असल्याने बांधावरून घेतलेला फोटो शेजाऱ्याच्या गटात दिसण्याची शक्यता असते. म्हणून खाचराच्या मध्यभागी उभे राहून, मिनिटभर थांबून फोटो घ्यावा.

४) प्रत्येक खाचराचे तीन फोटो घ्यावेत. एक संपूर्ण खाचराचा, ज्यात ओळखीचे झाड, घर किंवा डोंगर दिसेल. दुसरा पडलेल्या पिकाचा. तिसरा लोंबीचा अगदी जवळून.

५) व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो पाठविल्यास त्यातील ठिकाणाची माहिती निघून जाते. त्यामुळे तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा आणि मूळ फोटो फोनमधून पुसू नये.

नुकसान होण्यापूर्वीचाही एक फोटो असावा. आवणीनंतर व पीक निसवल्यावर उभ्या पिकाचा फोटो घेऊन ठेवल्यास तुलना करता येते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतही शेतकऱ्याने स्वतः पिकाची नोंद व फोटो देणे अपेक्षित आहे. कॅमेरा व लोकेशनची सवय तेथेही कामी येते. सातबाऱ्यावर पिकाची नोंदच नसेल तर मदतीच्या वेळी अडचण येते, हे ध्यानात ठेवावे.

रोग-किडीचा फोटो

सल्ला विचारताना पाठविलेला एकच अंधुक फोटो उपयोगाचा नसतो. तपकिरी तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या लगत असतात, वरून घेतलेल्या फोटोत ते दिसत नाहीत. म्हणून चूड बाजूला सारून बुंध्याचा फोटो घ्यावा. खोडकिडीसाठी सुकलेला गाभा किंवा पांढरी पळिंज, तर करप्यासाठी पानावरील ठिपका जवळून दाखवावा. शेजारी एक नाणे ठेवल्यास आकार कळतो. सोबत जात, आवणीची तारीख व दिलेली खते आवाजी निरोपाने सांगावीत. तोंडी सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत उपलब्ध असतो.

कीटकनाशकाच्या बाटलीवरील बारीक अक्षरे वाचण्यासाठीही कॅमेरा मोठा करून वापरावा. फवारणीपूर्वी लेबलचा व पावतीचा फोटो अवश्य काढून ठेवावा. विषबाधा झाल्यास कोणते औषध अंगात गेले हे डॉक्टरांना त्यावरून तत्काळ समजते.

कॅल्क्युलेटर : खताचा हिशेब

कोकणात सुधारित भात जातींसाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश अशी शिफारस आहे. आपले क्षेत्र मात्र गुंठ्यांत असते. एक हेक्टर म्हणजे सुमारे ९९ गुंठे आणि युरियात नत्र ४६ टक्के. तेव्हा १५ गुंठ्यांसाठी कॅल्क्युलेटरवर पुढील क्रम दाबावा :

१०० ÷ ०.४६ ÷ ९९ × १५ = ३२.९

म्हणजे संपूर्ण हंगामात मिळून सुमारे ३३ किलो युरिया पुरे, तोही हप्त्यांत विभागून. ४५ किलोची पूर्ण गोणी टाकल्यास १२ किलो खत जादा पडते. त्याने पीक माजते, लोळते व किडींना बळी पडते. याच रीतीने सिंगल सुपर फॉस्फेट (१६ टक्के स्फुरद) सुमारे ४७ किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश (६० टक्के पालाश) सुमारे १२.५ किलो येते. माती परीक्षण केले असल्यास त्याप्रमाणे मात्रेत बदल करावा.

कॅलेंडर आणि गजर

पेरणीच्या दिवशीच कॅलेंडरमध्ये पुढील कामांची नोंद करावी. १० जूनला रोपवाटिकेत पेरणी केल्यास रोपे १ ते ५ जुलैच्या दरम्यान २१ ते २५ दिवसांची, म्हणजे आवणीयोग्य होतात. मजूर व पॉवर टिलरची व्यवस्था त्याआधी आठ दिवस करण्याची आठवण लावता येते. खताचा पुढील हप्ता व कापणीपूर्वी पाणी काढणे याही नोंदी अशाच कराव्यात. हळव्या, निमगरव्या व गरव्या जाती एकाच घरी असल्यास याचा विशेष उपयोग होतो.

टॉर्च व आपत्कालीन कॉल

भाताच्या हंगामात सर्पदंशाचा धोका मोठा. रात्री खळ्यावर किंवा पाणी बघायला जाताना फोनचा टॉर्च पावलांपुढील जमिनीवर धरावा. दंश झाल्यास रुग्णाला धीर द्यावा, हालचाल कमी ठेवावी, जखम कापू नये, घट्ट आवळून बांधू नये आणि मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व जवळचे शासकीय रुग्णालय गाठावे. सापाचा फोटो घेण्यासाठी त्याच्या जवळ जाऊ नये.

फोन कुलूपबंद असला तरी पडद्यावरील 'इमर्जन्सी कॉल' दाबून ११२ लावता येतो. आपल्या कंपनीची रेंज नसली, पण दुसऱ्या कंपनीची असली, तरी हा कॉल लागू शकतो. सेटिंग्जमधील सुरक्षा व आपत्कालीन विभागात घरच्यांचे क्रमांक, रक्तगट व चालू औषधे भरावीत. शुद्ध हरपलेल्या माणसाची ही माहिती दुसऱ्याला कुलूप न उघडता पाहता येते. त्याच विभागातील आपत्कालीन सूचना बंद करू नयेत.

दक्षता

१) फोनला कुलूप ठेवावे. ओटीपी व पिन कोणासही सांगू नये.

२) शासकीय योजनेच्या नावाने व्हॉट्सअॅपवर आलेली 'एपीके' फाईल उघडू नये. फसवणूक झाल्यास १९३० वर लगेच कळवावे.

३) पावसात फोन जाड प्लॅस्टिक पिशवीत ठेवावा. ओला फोन चार्जिंगला लावू नये.

४) पाड्यावर वीज नसेल तेव्हा 'बॅटरी सेव्हर' सुरू करावा.

या सर्व सोयी एकदम शिकण्याची घाई नको. घरातील शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींना सोबत घेऊन आज फक्त दोन कामे करावीत : कॅमेऱ्यातील लोकेशन टॅग सुरू करणे आणि आपत्कालीन क्रमांक भरणे. उरलेल्या सोयी हंगामाच्या कामाप्रमाणे एकेक करून वापरात आणाव्यात.