बांधावरचे झाड, पहिली चढाई आणि पहिले सामान
(ऊस विकास विभागाकडून)



उसाला सावली सोसत नाही, हे आम्ही गटसभेत दरवर्षी सांगतो. बांधावर कडुनिंब, बाभूळ किंवा चिंच वाढली की तिच्याकडच्या चार-पाच सऱ्यांत फुटवे कमी येतात, ऊस बारीक राहतो आणि उजेडाकडे वाकून लोळतो. म्हणून आम्हीच सांगतो, "झाड तोडू नका, पण खालच्या आणि उसाकडच्या फांद्या उतरवून घ्या." सल्ला बरोबर आहे. पण फांद्या उतरवायला वर चढायचे कोणी आणि कसे, हे आम्ही आजवर कधी सांगितले नाही. ती आमची चूक. ती कशी लक्षात आली ते आधी सांगतो.

गेल्या माघात खडकपूर्णेच्या काठच्या एका शिवारात आमच्याच सल्ल्याने एका सभासदाने कडुनिंब छाटायला काढला. वर चढला त्यांचा सालदार. कमरेला बैलाचे दावे, हातात कोयता. वाळलेल्या फांदीवर पाय पडला, फांदी मोडली. दाव्याने त्याला धरले खरे, पण दावे पोटावरून सरकून काखेत आले, मग गाठ सुटली आणि गडी खाली आला. जीव वाचला. कमरेचे हाड मोडले. तो अजून काठी घेऊन चालतो. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो आम्हालाच म्हणाला, "साहेब, तुम्ही फांद्या उतरवा म्हणता, पण उतरवायचं कसं ते तं कोणीच नाही सांगत."

त्याचे म्हणणे खरे होते. म्हणून हा लेख.

पडण्याचा हिशोब

वीस फूट म्हणजे आपल्याला काही फार वाटत नाही. पण वीस फुटांवरून सुटलेला माणूस सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर येतो, आणि टेकताना त्याचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या जवळपास असतो. मोटारसायकलवरून त्या वेगाने भिंतीवर आदळावे, तसेच. तेवढ्या वेळात हात कुठे धरावा याचा विचारही पुरा होत नाही. म्हणून "मी लहानपणापासून चढतो" हे संरक्षण नव्हे. लहानपणी आपले वजन कमी होते आणि हातात कोयता नव्हता.

शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडून झालेला अपघात धरला जातो. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. पण ही योजना सात-बारावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला आहे. झाडावर चढतो तो बहुतेक वेळा सालदार, नाहीतर रोजंदारीचा गडी. त्याच्या नावावर जमीन नाही, म्हणून योजनेत त्याचे नाव नाही. तो आपल्या शब्दावर वर चढतो. तेव्हा त्याच्या अंगावर पट्टा आहे की नाही, हे पाहणे आपल्याकडे येते. सामानाचा खर्च मालकाने करायचा, गड्याच्या मजुरीतून कापायचा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी झाड पाहा, मग दुकान

नवीन चढणाऱ्याने सामान घेण्याआधी झाड ओळखायला शिकावे. चिंच आणि बाभूळ ही चिवट लाकडाची झाडे. बाभळीला काटे आहेत, पण फांदी सहसा दगा देत नाही. जांभूळ दिसते भक्कम, पण त्याचे लाकूड ठिसूळ. फांदी वाकत नाही, एकदम तुटते. शेवगा आणि पांगारा यांच्यावर चढूच नये. त्यांना खालूनच आकडी लावावी. आंबा व कडुनिंब चांगले, पण वाळलेली फांदी हिरव्या पानांत दडलेली असते.

चढण्याआधी झाडाभोवती एक पूर्ण फेरी मारा. बुंध्याला ढोली आहे का, वाळवीचा मातीचा लेप आहे का, बुडाला अळंबी उगवली आहे का, दोन फांद्यांच्या बेचक्यात चीर पडली आहे का, हे पाहा. हातोडीने बुंधा ठोकून पाहा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक शेतकऱ्याच्या कानाला सांगावा लागत नाही. वर आग्या मोहोळ असेल तर त्या झाडाचे नाव काढू नका. दोरावर लोंबकळणाऱ्या माणसाला पळता येत नाही.

विजेच्या तारा सर्वांत आधी पाहा. तार झाडातून किंवा झाडाजवळून जात असेल तर काम आपले नाही, महावितरणचे आहे. १९१२ या क्रमांकावर कळवावे. ओली फांदी तारेला टेकली तरी वीज माणसापर्यंत येते. फांदी आणि माणूस दोन्ही तारेपासून निदान दहा फूट लांब राहतील, अशीच झाडे आपण हातात घ्यावीत.

एक कायद्याची गोष्ट. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग, चंदन अशी काही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. ती आपल्या बांधावर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मोठी छाटणी करायची असली तरी आधी तालुक्याला विचारून घ्यावे.

पहिली खरेदी: काय घ्यावे

दुकानदार सगळेच दाखवतो. आमच्या मते नव्या माणसाने या क्रमाने घ्यावे.

१. डोक्याचे टोपडे. हनुवटीखाली पट्टा असलेले, आय.एस. २९२५ हा शिक्का असलेले हेल्मेट घ्यावे. मोटारसायकलचे हेल्मेट चालत नाही. त्यात खालच्या माणसाची हाक ऐकू येत नाही आणि वर मान करता येत नाही. खाली दोर धरणाऱ्यालाही हेल्मेट हवे. फांदी त्याच्याच डोक्यावर पडते.

२. पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट. दुकानात त्याला फुल बॉडी हार्नेस म्हणतात. नुसता कमरेचा पट्टा घेऊ नका. कमरेच्या पट्ट्यावर माणूस पडला तर सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो, आणि उलटा झाला तर पट्ट्यातून निसटतो. त्या सालदाराचे नेमके तेच झाले. खांदे, छाती आणि मांड्या यांवरून जाणारा पट्टा झटका वाटून घेतो. आय.एस. ३५२१ हा शिक्का पाहावा. कमरेला दोन्ही बाजूंना आणि पुढे कडी असलेला घ्यावा, कारण झाडावर आपल्याला नुसते पडण्यापासून वाचायचे नसते, बसून कामही करायचे असते. नुसती पाठीला कडी असेल तर माणूस वाचतो, पण काम होत नाही.

३. कंबरदोर. लाइनमन खांबाभोवती घालतात तो. बुंध्याभोवती फिरवून दोन्ही बाजूंच्या कड्यांना अडकवला की दोन्ही हात मोकळे राहतात. आत तारेचा गाभा असलेला मिळाला तर करवतीपुढे तो जास्त टिकतो.

४. दोर. इथे सगळ्यांत जास्त फसगत होते. ताडपत्री बांधायचा निळा-पिवळा प्लॅस्टिकचा दोर उन्हात कुजतो आणि घासला की वितळतो. अंबाडीचा दोर आतून केव्हा सडला ते बाहेरून दिसत नाही. मोटेचा नाडा पाणी ओढायला चांगला होता, माणूस टांगायला नव्हे. चढाईसाठी आत वेगळा गाभा आणि वर विणलेले कवच असलेला, ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा, कमी ताणणारा दोर घ्यावा. लांबी झाडाच्या उंचीच्या दुपटीपेक्षा जास्त हवी, कारण दोर वर जाऊन परत खाली येतो.

५. कड्या. कॅराबिनर या नावाने मिळतात. स्क्रूने किंवा आपोआप बंद होणाऱ्याच घ्याव्या. साधी उघडी कडी फांदीला घासून उघडते. कडीवर ताकद कोरलेली असते. २२ किलोन्यूटन म्हणजे सुमारे २,२०० किलोचा ताण. काहीच कोरलेले नसेल तर ती किल्ल्या अडकवायची कडी समजावी.

६. हातकरवत. वाकड्या पात्याची, म्यानासकट. वर कोयता आणि कुऱ्हाड न्यायची नाही. कोयत्याचा एक वार चुकला तर दोर तुटतो; करवत चुकली तर हात थांबवायला वेळ मिळतो.

काय घेऊ नये तेही सांगतो. बुटाला लावायचे लोखंडी काटे घेऊ नका. ते जित्या झाडाची साल फोडतात आणि जखमेतून कीड शिरते. नारळावर चढायचे यंत्रही आपल्याला उपयोगाचे नाही. कोचीच्या नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना ते यंत्र चालवायचे सहा दिवसांचे प्रशिक्षण दिले. यंत्र आणि विमाही सोबत दिला. योजना चांगली, पण ते यंत्र सरळ, बिनफांदीच्या खोडासाठी आहे. आपल्या फांद्यांच्या कडुनिंबाला ते लागत नाही. त्या योजनेतून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: आधी शिक्षण, मग सामान आणि सोबत विमा.

आणि जुने, वापरलेले सामान स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका. एक मोठा झटका बसलेला दोर किंवा पट्टा बाहेरून नव्यासारखाच दिसतो.

पहिले दिवस

सामान आले म्हणजे चढता येते, असे नाही. पहिले काही दिवस माणसाच्या उंचीपेक्षा वर जाऊच नये. पट्टा घालून, दोर टाकून, जमिनीपासून हातभर वर लोंबकळून पाहावे. मांड्यांना कुठे रुततो, कडी कुठे येते, ते कळते.

दोर वर कसा न्यायचा? बारीक सुतळीला मूठभर वाळूची पिशवी बांधून ती बेचक्यातून फेकावी. सुतळीला बांधून मग दोर ओढून घ्यावा. बेचके बुंध्याजवळचे, फांदी जिती आणि निदान मनगटाच्या दुप्पट जाड असावी. मग खालून दोघांनी मिळून दोराला लोंबकळून पाहावे. जी फांदी दोघांना तोलत नाही, तिच्यावर एकाने जाऊ नये.

दोराचे एक टोक पट्ट्याला, आणि फांदीवरून परत खाली आलेल्या भागावर बारीक दोरीची पकडगाठ. ही प्रुसिक गाठ. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक या गिर्यारोहकाने ती १९३१ साली पुढे आणली. वजन पडले की आवळते, वजन काढले की सरकते. माणूस सुटला तरी गाठ धरून ठेवते. दोराच्या मोकळ्या टोकाला मोठी गाठ मारावी, म्हणजे उतरताना दोर संपला तरी माणूस निसटत नाही. पण गाठ कागदावरून शिकू नका. जाणत्याच्या हाताखाली, जमिनीवर, पन्नास वेळा बांधून-सोडून शिका.

करवत चालवताना नेहमी दोन ठिकाणी बांधलेले असावे: एक दोर, एक कंबरदोर. एक चुकून कापला तर दुसरा राहतो. फांदी आधी खालून थोडी कापावी, मग वरून. नाहीतर ती मोडताना बुंध्याची साल घेऊन जाते.

एकट्याने कधी चढू नये. पट्ट्यात बेशुद्ध होऊन लोंबकळणे हेही धोक्याचे आहे, माणसाला लगेच खाली घ्यावे लागते. तेव्हा खालच्या माणसाला वरच्याला उतरवता आलेच पाहिजे. १०८ वर फोन करणे हे त्यानंतरचे काम. पावसात, ओल्या सालीवर आणि चैत्र-वैशाखाच्या दुपारच्या वावटळीत काम बंद ठेवावे.

सामान कुठे ठेवाल?

आपल्याकडे सगळे एकाच खोलीत असते: युरिया, तणनाशक, डिझेल, बॅटरी. दोर आणि पट्टा तिथे ठेवू नका. बॅटरीचे आम्ल आणि औषधे धागा आतून खातात, वरून दिसत नाही. साध्या पाण्याने धुवून, सावलीत वाळवून, पिशवीत घालून घरात खुंटीला टांगावा. प्रत्येक वेळी चढण्याआधी दोर बोटांतून पूर्ण सरकवून पाहावा. कुठे मऊ, कुठे फुगीर लागला तर तो चढाईतून काढावा. मग त्याचे तुकडे करून टाकावे, नाहीतर दुसरा कोणी तो वापरतो.

एक सभासद म्हणाले, "साहेब, वर्षातून दोन दिवसांच्या कामाले एवढा पैसा काहाले घालाचा?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आमची सूचना अशी की, एकेकट्याने नको, गावातल्या आठ-दहा सभासदांनी मिळून एक संच घ्यावा, आणि त्याची नोंदवही ठेवावी: कोणी नेला, कधी परत आणला, झटका बसला का. प्रत्येक गट कार्यालयात एक संच आणि शिकवणारा जाणता माणूस मिळावा, अशी मागणी आम्ही व्यवस्थापनाकडे लेखी दिली आहे. जे गाव एकत्र येईल त्याने गट कार्यालयात नाव नोंदवावे.

तोवर एवढेच करा. ज्याच्या अंगावर पट्टा नाही त्याला वर चढवू नका. चार सऱ्यांचा ऊस यंदा बारीक निघाला तरी चालेल.

कळावे.

ऊस विकास अधिकारी