मेणाचा तट आणि त्यातल्या वाटा

१९४० साली सेवाग्रामच्या आश्रमात सूक्ष्मदर्शकावर वाकून कुष्ठरोगाचे जंतू पाहणाऱ्या गांधीजींचं एक छायाचित्र आहे. याच आश्रमात कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा ते स्वतः करत.

काचपट्टीवर हे जंतू लाल दिसतात. कुष्ठरोग आणि क्षय, दोन्हींचे जंतू मायकोबॅक्टेरियम या एकाच कुळातले. पट्टीवर कार्बोल फ्यूक्सिन ओतून खालून आच दिली की लाल रंग आत शिरतो. मग आम्लानं धुतलं की इतर जंतूंचा रंग उतरतो, यांचा उतरत नाही. हा गुण त्यांच्या मेणचट आवरणाचा. आतल्या पटलावर एक जाळी, जाळीला साखरेच्या साखळ्या आणि साखळ्यांच्या टोकांना मायकोलिक आम्लांचे साठ ते नव्वद कार्बनांचे लांबलचक धागे. हे धागे दाटीनं उभे राहतात, त्यांवर आणखी मेद बसतो आणि बाहेरचं दुसरं पटल तयार होतं. कितीतरी औषधं इथेच अडतात. आयसोनियाझिड हे मेण बनू देत नाही, इथॅम्ब्युटॉल साखरेच्या साखळ्या.

मला थक्क करतं ते पुढचं. एवढा तट उभारला, तरी जंतूला प्रथिनं बाहेर धाडावीच लागतात. तटाचे गवंडीसुद्धा बाहेरच राबतात: ‘अँटिजेन ८५’ ही विकरं आतून येऊन मायकोलिक आम्लं साखळ्यांना जोडतात. त्यांची वाट ‘सेक’, बहुतेक सगळ्या जीवाणूंकडे असते तीच. ‘ईएसएक्स-१’ ही वाट मात्र खास. आतल्या पटलात सहा सारख्या भागांचं कडं असतं. ते पेशीतलं एटीपी हे ऊर्जेचं इंधन खर्चून ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं जोडीनं बाहेर ढकलतं. आपल्या भक्षकपेशीनं जंतूला गिळून ज्या पिशवीत कोंडलेलं असतं, ती पिशवी फाटते ती याच यंत्रणेमुळे.

बाहेर आलेलं प्रथिन जंतूचा ठावठिकाणाही सांगतं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि सहकाऱ्यांनी क्षयाचे जंतू द्रवात वाढवले, ते गाळून काढले आणि उरलेल्या द्रवातून ३१ किलोडाल्टनचं ‘ईएस-३१’ हे प्रथिन वेगळं केलं. त्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी ‘सेवा टीबी एलायझा’ ही रक्तचाचणी त्यावर उभी राहिली. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं क्षयाच्या निदानासाठी बाजारातल्या प्रतिपिंड-चाचण्या वापरू नका असं बजावलं. स्रवलेल्या प्रथिनांचा माग घेण्याची कल्पना मात्र टिकली. क्षयावरच्या बीसीजी लशीतल्या जंतूत ईसॅट-६ आणि सीएफपी-१० यांची जनुकंच नाहीत. म्हणून चाचणीसाठी हीच जोडी हाताच्या कातडीत टोचतात. दोन-तीन दिवसांनी तिथे कडक गाठ आली, तर ती लशीची नसते, क्षयाच्या संसर्गाची असते.