पाणी अडवायचं, पण फ्लोरिनशिवाय
रेनकोटवरून पावसाचा थेंब अलगद घरंगळतो, तो बऱ्याचदा 'पीफास' रसायनांच्या लेपामुळे. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका चिवट, की ही रसायनं माती-पाण्यात वर्षानुवर्षं टिकून राहतात. त्यातल्या काहींचा संबंध मूत्रपिंडाच्या कर्करोगाशीही आढळला आहे.

पर्याय शोधताना आधी ठरवायला हवं, नेमकं काय अडवायचं आहे? पाण्याचा पृष्ठताण भरपूर, मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन. त्याला मेणाचा किंवा सिलिकोनचा लेपही थोपवतो. खाद्यतेलाचा ताण निम्म्याहून कमी, म्हणून ते अशा लेपावर पसरतं. खरी अडचण इथेच आहे. पण शाळकरी मुलाच्या रेनकोटला तेल कशाला अडवायचंय? तिथे फ्लोरिनचं समर्थन होऊच शकत नाही. मेणाचा लेप धुण्यात लवकर उतरतो, तो पुन्हा द्यावा लागतो, इतकंच.

तेलकट पदार्थांच्या कागदावरचा उपाय तर जुनाच आहे. लगदा खूप वेळ कुटला की तंतू फुगून, पिंजून एकमेकांत घट्ट बसतात. तेल झिरपायला छिद्रंच उरत नाहीत. खाद्यपदार्थांच्या कागदी वेष्टनांत पीफास वापरायला डेन्मार्कने २०२० मध्येच बंदी घातली. मात्र सिलिकोनही डोळे झाकून स्वीकारू नये. त्यातल्या काही चक्रीय घटकांवर युरोपात निर्बंध आहेत.